सासूबाईंचा स्टोव्ह

"माशीमा, तुम्हास्नी उलू द्याया येतं न्हवं?"

निमाई सामंतनं दारातच, चपला काढता काढता हे विचारलं, आणि शिवलीलाच्या हातातली गवारीची शेंग मोडायची ती तशीच राहिली. प्रश्न काही फार मोठा नव्हता. घरात साखर आहे का, असं विचारावं तशा आवाजात त्यानं तो विचारला होता. पण तिला वाटलं, कुणीतरी मागून हाक मारली, आणि हाक मारणारं माणूस तर कधीच गेलेलं आहे. तिनं शेंग ताटात ठेवली, पदराला हात पुसले आणि 'बस' म्हणाली. निमाई बसला नाही. तो मेदिनीपूरकडचा, गुजरीत सोन्याचं काम करणारा कारागीर. चौदा वर्षं कोल्हापुरात काढल्यावर परक्या माणसानं बोलावं तसं मराठी बोलायचं तो विसरूनच गेला होता. सामंत या आडनावामुळं गुजरीतले निम्मे लोक त्याला मालवणचा समजत, आणि तोही 'व्हय, तिकडचाच की' म्हणून मोकळा होई. वर्षातून दोनतीनदा तो मंगळवार पेठेतल्या या घरी यायचा, कारण दारावरच्या पाटीवर 'नंदी' असं बंगाली आडनाव होतं. आत राहणारी चोपन्न वर्षांची बाई बंगाली नाही, जयसिंगपूरच्या लिंगायत तंबाखूवाल्याची लेक आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण ते तो फारसं मनावर घेत नसे, बंगाली माणूस मावशीला म्हणतो तसं तिला माशीमाच म्हणे.

"ह्या वर्षी दुर्गापूजा बसवतोय आमी," तो म्हणाला. "पैलीच. देवी बापट कॅम्पातल्या बाळासो कुंभाराकडनं करून घेतलीया. चेहरा पार अंबाबाईवानी झालाय, पर असू दे, ती बी तीच की. पूजा सांगायला चक्रवर्ती हाय, आमच्यातलाच, खडे बसिवतो. ढाक वाजवायला गावाकडनं दोघं आल्यात. समदं झालंय बघा, आन् आता घोडं अडलंय ते उलूवर. बाईच न्हाई."

बाई नव्हती हे खरंच होतं, आणि उलू, म्हणजे मंगल प्रसंगी जीभ हलवून काढायचा तो उंच आवाज, त्यांच्याकडं बायकांनीच द्यायचा असतो. गुजरीच्या माड्यांवर एकेका खोलीत आठ-आठ जण राहणारे हे साठेक कारागीर, त्यांच्या बायका तिकडं गावी, भाताच्या शेतात. कोल्हापुरात बँकेच्या बदलीवर आलेली दोन बंगाली कुटुंबं होती, ती पूजेला हमखास कोलकात्याला पळायची.

"मग टेप लावा की," शिवलीला म्हणाली.

"म्या बी त्येच म्हटलं. तर चक्रवर्ती म्हणतोय, मग फुलं बी प्लास्टिकचीच आणू."

तिला हसू आलं. "मला न्हाई येत रे, निमाई. जन्मात कधी केलं न्हाई. आणि मी ही अशी, कुंकू नसलेली."

निमाई म्हणाला, "आमच्यात बी नवरा गेलेली बाई शुभकामात उलू देत न्हाई, ते हाय. तोंड उघडायचं न्हाई, म्होरं बी यायचं न्हाई. आमची आजी सख्ख्या नातवाच्या लग्नात मागच्या खोलीत बसून ऱ्हायलेली. पर हितं दुसरं कोन हाय, सांगा. चक्रवर्ती म्हणाला, अडचणीत चालतंय, आई समजून घेती. अष्टमी सरताना संधिपूजा हाय, दुपारी साडेचारला. तीन डाव दिलं की झालं." आणि चपला पायात सरकवत तो 'येतो' म्हणाला. त्यांच्याकडंही जाताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. मा, म्हणजे तिच्या सासूबाई, गेल्या त्या वर्षी शिवलीलाला हे कळलं होतं.

गवार तशीच पडून राहिली. नवरा गेलेली बाई शुभकामात उलू देत नाही. वाक्य साधं होतं, कुणी सांगितलं नसतं तरी समजायला हवं होतं. आपल्या गल्लीत हळदीकुंकवाला कुणाला बोलावत नाहीत हे काय तिला दिसत नव्हतं? पण तिच्या माहेरी तसलं काही फार पाळत नसत. तिची विधवा आत्या लग्नाकार्यात सगळ्यांच्या पुढं असायची, गंगव्वा म्हणजे तिची आई त्या आत्याला विचारल्याशिवाय पानसुपारीसुद्धा मांडायची नाही. त्यामुळं हा विचार कधी डोक्याला शिवलाच नाही. एकतीस वर्षं. आणि आता एका सोनारकाम करणाऱ्या माणसानं चपला घालता घालता तो सांगून टाकला. मांचा नवरा, म्हणजे तिचे सासरे, अठ्ठावन्न सालीच गेले होते. एकाहत्तर सालच्या त्या दुपारी मा पांढऱ्या लुगड्यात होत्या. काठ नसलेलं, निळीचा हात जरा जास्त झालेलं पांढरं लुगडं. ते तिला आत्ता, या ताटातल्या गवारीइतकं लख्ख दिसलं.

त्या दुपारी शिवलीला आणि सुखेंदु रजिस्टर लग्न करून रिक्षानं घरी आले होते. ती उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत टायपिस्ट होती, जयसिंगपूरहून रोज रेल्वेनं यायची. तो तिथंच ओतकामाचा जाणता म्हणून सहा महिन्यांसाठी कोलकात्याहून आला होता. सहा महिन्यांचं वर्ष झालं, ते काही तिच्यामुळं नव्हे, हे तिनं स्वतःच्या मनाशी केव्हाच कबूल केलं होतं. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याला कुणीतरी शाहू स्टेडियमवर नेलं. तिथं दोन पेठांच्या तालमींची फुटबॉलची मॅच होती, आणि हजारो माणसं सिमेंटच्या पायऱ्यांवर उभी राहून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होती. सुखेंदु म्हणायचा, मी डोळे मिटले आणि कोलकात्यात घरी पोचलो. त्याच आठवड्यात त्यानं मंगळवार पेठेत, स्टेडियमचा आरडाओरडा ऐकू येईल अशा अंतरावर खोली धरली आणि आईला घेऊन आला. असा माणूस फुटबॉलपायी या गावात राहिला आणि राहिलाच आहे तर लग्नही करू, असं म्हणाला. शिवलीला त्याला हे म्हणून चिडवायची, आणि तो नाही म्हणायचा नाही.

तर त्या दुपारी बरोबर कुणी नव्हतं. तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं, येणारही नव्हतं. रुद्रय्या म्हणजे तिचे वडील, त्यांनी तिचं नावच टाकलं होतं. पुढं तीन वर्षांनी मुलगा, शशिधर, झाल्यावर ते पहिल्यांदा आले, पाटी वाचून म्हणाले, "बरं, नाव तरी म्हादेवाच्या दारातलं हाय," आणि मग तोंड भरून जेवले. पण ते पुढचं. त्या दिवशी तेवीस वर्षांची ती पोर दारात उभी होती. उंबऱ्याशी दुधाची परात ठेवलेली होती. दुधात कुंकू कालवलेलं, कारण आलता, पायाला लावायचा लाल रंग, इथं मिळत नाही. त्यात पाय बुडवून आत यायचं, असं सुखेंदुनं सांगितलं होतं. तिनं पाय उचलला आणि आतून, स्वयंपाकघराच्या दाराआडून, तो आवाज आला. उंच, कापरा, जिभेवर नाचणारा आवाज. तिनं तसला आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. उचललेला पाय वरच राहिला.

आणि गल्ली धावून आली. पुढं हंबीरराव, शेजारचे, तालमीचे गोलकीपर, सहा फूट उंच आणि दारात मावणार नाही असा छातीचा विस्तार. "कोण गेलं वं? म्हातारी गेली का?" असं ओरडत ते आत घुसले, त्यांचा पाय परातीला लागला आणि दूध उंबऱ्यावरून गटारापर्यंत गेलं. त्यांच्यामागं बायका, पदर डोळ्याला लावूनच आलेल्या. कोपऱ्यावरचा पिराजी तर बांबू आणि मडकं कुठं मिळेल ते बघायला वळलासुद्धा होता. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि म्हातारी स्वतःच, चांगली जिवंत, बाहेर येऊन उभी राहिली. आधी कुणाला काही कळेना. सुखेंदुनं समजावलं, की हे आमच्याकडं आनंदाचं असतं, तेव्हा सगळे हसले. वाईट मनानं नाही, आपलं मोकळेपणानं, पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव म्हशीच्या दुधाची चरवी घेऊन आले आणि 'सांडलेलं' एवढंच म्हणून ठेवून गेले. माणसं चांगली होती. पण नव्या घरात पहिलं वाक्य ऐकलं ते 'कोण गेलं', हे शिवलीलाच्या मनातून जाईना. रात्री ती रडत सुखेंदुला म्हणाली, "त्यांना सांगा, असं पुन्हा ओरडायचं न्हाई. माझी शपथ घालून सांगा." सुखेंदुनं उठून आईला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मा अंधारात ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आच्छा."

त्यानंतर बावीस वर्षांत तो आवाज या घरात झाला नाही. असं ती आजवर समजत होती.

सून म्हणून तिनं काही वाईट केलं नव्हतं. तिला हे स्वतःला सांगावंसं वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. उलट त्या दोघींचं फार जमलं. मा विधवा, म्हणून मासळी नाही, कांदालसूण नाही. शिवलीला गळ्यात लिंग बांधलेली, तिलाही मासळी नाही. तेव्हा बंगाली घरात स्वयंपाकघर दोघींचं एक आणि घरधनी मात्र पंचगंगेचा मासा घेऊन गच्चीवर वेगळी चूल मांडतोय, असा उलटा संसार होता. मा भातावर शेंगदाण्याचा म्हाद्या खायला शिकल्या, शिवलीला केळफुलाची भाजी करायला शिकली. भाषा मात्र अर्धीच राहिली. मांचं हिंदी मोडकं, शिवलीलाचं बंगाली त्याहून. मांचं बोलणं खरं तर हंबीररावांशीच जास्त व्हायचं, आणि तेही शब्दांवाचून. फाळणीत बारिसालचं घर सोडून आलेल्या या बाईनं कोलकात्याच्या कॉलनीत पत्र्याच्या खोलीत बसून रेडिओवर फुटबॉलच ऐकलं होतं. जो मुलूख हातचा गेला त्याच्याच नावाचा एक संघ तेवढा जिंकत होता, म्हणून त्या कॉलनीतली म्हातारी बायामाणसंसुद्धा गोल मोजत बसायची, असं सुखेंदु सांगायचा. रविवारी स्टेडियमवरून गर्जना आली की मा बोटं वर करायच्या. एक. दोन. संध्याकाळी हंबीरराव गुडघ्याला आयोडेक्स चोळत कट्ट्यावर बसले, की मा दारातून बोटं दाखवून विचारायच्या, आणि ते मान हलवायचे. म्हातारी चुकत न्हाई, असं ते सगळ्यांना सांगत.

आणि तो स्टोव्ह. पितळेचा, पंप मारायचा, पेटला की भर्र असा आवाज करणारा. मांना त्याचं वेडच होतं. शशिधरला बाळंतिणीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा शिवलीला दारात ओवाळून घेत होती, आणि मा उठून स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि स्टोव्ह पेटवला. काय गं हे, नातू दारात आणि आजीला चहा सुचतोय, असं हंबीररावांची आई म्हणाली होती. बारशाला तेच. त्र्याऐंशीत तालमीनं तेरा वर्षांनी स्पर्धा जिंकली, गल्लीत गुलालाचा चिखल झाला, हंबीररावांना खांद्यावर घेऊन पोरं दारापर्यंत आली आणि मांना बाहेर बोलवायला लागली. मा हसत हसत आत पळाल्या, आणि आतून स्टोव्ह भर्र. शिवलीलाला राग यायचा. रेशनच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहून आणलेलं रॉकेल. "मा, चहा आत्ताच झाला की! परत कशाला?" "पानी गरम," मा म्हणायच्या. बाहेर येताना मात्र त्यांच्या हातात पाणी नसायचं. शहाऐंशीत घरात गॅस आला तरी त्यांनी स्टोव्ह टाकू दिला नाही. एकदा शिवलीलानं दाराच्या फटीतून पाहिलं होतं. मा भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या, पदर तोंडाशी, खांदे हलत होते. रडतात, बारिसाल आठवत असेल, असं वाटून ती मुकाट मागं सरली. तिनं हे सुखेंदुला सांगितलं. तो बराच वेळ पेपर डोळ्यांपुढं धरून बसला, पान न उलटता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मिक्सर लावला. करून बघायला काय हरकत आहे, असं तिनं ठरवलं होतं. येणार नाहीच. मग निमाईला सांगता येईल की बाबा, केलं होतं, पण नाही जमलं. पण उघड्या घरात ते करायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. भिंतीला भिंत लागून हंबीररावांचं घर, बोळात पोरं. म्हणून तिनं खिडकी लावली, रिकाम्या भांड्याला झाकण घातलं आणि मिक्सर तीनवर टाकला. मग तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. जीभ कुठं ठेवायची, टाळ्याला की ओठांना? तिनं ती इकडून तिकडं हलवली, आवाज काढला, तर लहान पोर घोड्यासारखं करतं तसं काहीतरी निघालं. तिला एकटीला हसू आलं. पदर तोंडाशी धरून, भिंतीकडं तोंड करून, म्हणजे कुणी अचानक आलं तर दिसू नये, तिनं पुन्हा करून पाहिलं. घशातून उंच सूर आणि त्यावर जीभ आडवी. एक क्षणभर, अगदी एक क्षण, ते लागलं. खांदे हलले.

"काकू! मिक्सर जळंल की!" स्वप्नाली, हंबीररावांची सून, मागच्या दारातून आत आली होती. "काय वाटताय एवढं?"

"खोबरं," शिवलीला म्हणाली आणि बटण बंद केलं.

"वासच येईना," म्हणत स्वप्नालीनं भांड्याकडं पाहिलं, काकूंच्या तोंडाकडं पाहिलं आणि विरजणाची वाटी घेऊन ती गेली. घर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत शिवलीला भिंतीला टेकून उभी राहिली ती राहिलीच, कारण तिला आत्ताच समजलं होतं. पदर तोंडाशी. भिंतीकडं तोंड. खांदे हलणारे. तिनं वर पाहिलं. माळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या मागं, पितळेच्या टाकीची कड दिसत होती.

मा रडत नव्हत्या. मांना पाणी तापवायचं नव्हतं.

शशिधर घरी आला तेव्हा, बारशाला, तालीम जिंकली तेव्हा, नव्या स्कूटरला हार घातला तेव्हा, दर वेळी. सुनेनं घातलेली शपथ पाळून, सुनेच्या कानावर जाऊ न देता, आणि आपण विधवा आहोत म्हणून स्वतःच्या देवाधर्मालाही चोरून. या गावात दुसरी कुणी करणारी नव्हती. नातू काय मुक्यानं घरात घ्यायचा? म्हणून रॉकेलच्या भडक्याखाली ती म्हातारी आपली रीत करत राहिली बावीस वर्षं. आणि शिवलीलानं हिशोब मागितला तो रॉकेलचा. ब्याण्णवात शशिधरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो दिवस तिला आठवला. मा ऐंशीला टेकल्या होत्या, पंप मारायची ताकद हातात उरली नव्हती. स्टोव्हपाशी बसून त्या सुनेला म्हणाल्या, "बौमा, हवा दे." आणि शिवलीलानं, कपाळाला आठ्या घालून, फणफणत, दहा-बारा वेळा पंप मारून तो पेटवून दिला होता, आणि 'घ्या, तापवा पाणी' म्हणून बाहेर येऊन पेढे वाटत बसली होती. तेवढं तरी आपल्या हातून झालं, असं तिच्या मनात आलं, आणि मग ती खरोखरच रडली. मिक्सर पुन्हा लावला नाही, तशीच उघडपणे रडली. त्यानंतर चारच महिन्यांनी, त्र्याण्णवच्या संक्रांतीला, मा गेल्या होत्या. तेव्हाही गल्ली धावून आली होती, पण त्या वेळी आवाज शिवलीलाचा होता आणि तो सगळ्यांना बरोबर समजला होता.

अष्टमीला ती चार वाजताच गुजरीत पोचली. बाहेर अंबाबाईच्या दर्शनाची रांग जोतिबा रोडपर्यंत गेलेली, ओटीचे खण, तेलाच्या बाटल्या, पोलिसांच्या शिट्ट्या. त्या गर्दीतून आत वळलं की एका व्यापाऱ्याच्या जुन्या गोदामात पूजा होती. साठ पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून, भिंतीला पाठ लावून, पाहुण्यासारखे अवघडून उभे होते. तेजाबानं पिवळी पडलेली त्यांची बोटं एकमेकांत अडकवलेली. समोर बाळासो कुंभाराची दुर्गा, दहा हातांची, आणि चेहरा खरंच अंबाबाईचा. एकशे आठ दिवे लावायचे होते आणि ते लावायलाही बाई नव्हती म्हणून पोरंच वाकून वाकून वाती पेटवत होती, कुणाची एक विझली की दुसरा त्याला हळूच कोपरानं ढोसत होता. एवढ्या बाप्यांत ती एकटी बाई. चक्रवर्तीनं घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ढाक कडाडत होते, आणि तिला वाटलं, बरं आहे, या आवाजाखाली काय निघेल ते निघेल, कुणाला कळणार नाही. तेवढ्यात निमाईनं हात वर केला आणि ढाकवाले थांबले. तिचं ऐकू यावं म्हणून थांबले.

एकदम सगळं उघडं पडलं. दिव्यांची फडफड ऐकू येईल इतकं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि मग, का कुणास ठाऊक, खाली सोडला. पहिला आवाज फाटला, खोकल्यासारखा. कुणी हसलं नाही. तिनं डोळे मिटले, घसा वर ओढला, जीभ सोडली, आणि ते आलं. छतापर्यंत गेलं. पहिलं संपलं, तिनं श्वास घेतला, दुसरं दिलं, तिसरं दिलं, आणि तिसऱ्याला तो आवाज तिला स्वतःचा वाटेना. डोळे उघडले तर समोरचे अर्धे लोक खाली बसले होते. एक दाढीवाला कारागीर तळहातात तोंड घालून हुंदके देत होता आणि त्याच्या शेजारचा त्याच्या पाठीवरून हात फिरवताना स्वतःच रडत होता. चौदा वर्षं कोल्हापुरी बोलणारा निमाई जमिनीला डोकं टेकून पडला होता आणि पुन्हा पुन्हा 'मा गो, मा गो' म्हणत होता. मग शंख वाजला आणि ढाक पुन्हा सुटले. तिला कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी नारळाची वडी हातावर ठेवली. तिनं ती खाल्ली नाही, रुमालात बांधून घेतली.

घरी पोचवायला येतो म्हणणाऱ्या निमाईला तिनं परत पाठवलं आणि चालतच आली. सहा वाजत आले होते, ऊन गच्च्यांवर गेलं होतं. बोळात क्रिकेट चाललेलं. तिनं कुलूप काढलं, दार ढकललं. आतला बोळासारखा अरुंद सोपा, त्याच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार, अर्धं लोटलेलं. रोज ती सरळ आत जाई. आज पाऊल उचललं आणि ते तिनं वरच थांबवलं. एकतीस वर्षांपूर्वी ते असंच वर राहिलं होतं. मग लोकांनी हसून, ओढून, ढकलून तिला आत नेलं, पण रीत अर्धीच राहिली ती राहिली. दाराआडच्या बाईनं पुढं नातू, बारसं, जिंकणं, सगळं त्या भर्र आवाजाखाली साजरं केलं असेल. पण सून घरात घेणं हे काही आत कोंडून करायचं काम नव्हे. ते दारातच व्हायला हवं, गावाला ऐकू जाईल असं. तिनं पाय खाली ठेवला, उंबऱ्याच्या बाहेरच. पदर नीट केला. आणि भर गल्लीत, दिवसाउजेडी, कसल्याही आवाजाची आड न घेता, तिनं उलू दिलं.

पहिल्याला क्रिकेट थांबलं. दुसऱ्याला खिडक्या उघडल्या, पिठाचे हात घेऊन स्वप्नाली बाहेर आली आणि 'अगं बाई, काकू' म्हणून तिथंच थबकली. तिसऱ्याला हंबीरराव आले. पासष्टीचे, दोन्ही गुडघे गेलेले, काठी टेकत, पण तसेच घाईघाईनं, बनियनवर.

"कोण गेलं वं, वैनी?" त्यांनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कान जरा तिरका केला. आवाज थांबला होता, तरी ते ऐकत राहिले. मग हळूच दोन पावलं मागं सरले आणि आपल्या पायाखाली, उंबऱ्याशी, नीट बघून घेतलं.

"कोण गेलं न्हाई, भावजी," शिवलीला म्हणाली. "सून आली घरात."

हंबीररावांनी तिच्या मागं पाहिलं, क्रिकेटच्या पोरांपलीकडं कुणीच नव्हतं. "कुणाची?"

"मांची," ती म्हणाली, आणि उजवं पाऊल पुढं टाकून आत गेली.